मोसंबीवर मारतात तेच हिराकस समुद्रात ओतायला निघालेला माणूस : जॉन मार्टिन

जालना म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक सळई आणि दुसरी मोसंबी. एमआयडीसीतल्या भट्ट्यांमधून निघालेली सळई राज्यभरातल्या स्लॅबमध्ये जाते आणि जालन्याच्या मोसंबीला तर जीआय टॅग मिळालाय. आता गंमत बघा, ज्या गावात लोखंडाचे ट्रकच्या ट्रक भरतात, त्याच जिल्ह्यातल्या बागेत झाडाला लोखंड मिळत नाही म्हणून पानं पिवळी पडतात.

नवीन फुटीची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. चुनखडीच्या जमिनीत बाग असेल तर हे हमखास दिसतं. काही भागांत याला केवडा पडला म्हणतात. बरं, जमिनीत लोखंड नसतं असंही नाही. आपली माती बेसाल्टपासून बनलेली, तिच्यात लोखंड भरपूर. पण चुनखडीमुळे जमिनीचा सामू वाढतो, लोखंड गंजासारखं घट्ट होऊन बसतं आणि मुळांना ते उचलता येत नाही. ताट समोर आहे पण हात बांधलेले, असा प्रकार. मग शेतकरी काय करतो? हिराकस आणतो, म्हणजे फेरस सल्फेट. पाण्यात विरघळवून पानांवर फवारतो. पुढची फूट हिरवी निघते.

आता हाच प्रकार जमिनीऐवजी समुद्रात होत असेल तर? आणि एखादा माणूस उठून म्हणाला की समुद्रावर हिराकस मारून बघू, तर?

असा माणूस होऊन गेला. त्याचं नाव जॉन मार्टिन.

जॉन मार्टिन यांचा जन्म १९३५ सालचा. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ओल्ड लाइम नावाचं गाव आहे, तिथला. तरुण वयातच त्यांना पोलिओनं गाठलं. जीव वाचला, पण पायातली ताकद गेली आणि पुढचं आयुष्य आधार घेऊन चालण्यात गेलं. अशा माणसानं खरं तर टेबलावर बसून करायचं काम निवडायला हवं होतं. मार्टिन यांनी निवडला समुद्र. हलणारी बोट, ओला डेक आणि महिना महिना घरापासून लांब. ऱ्होड आयलंड विद्यापीठातून त्यांनी १९६६ मध्ये समुद्रशास्त्रात पीएचडी केली.

पहिली नोकरी लागली प्वेर्तो रिकोमधल्या अणुकेंद्रात. त्या काळात अमेरिकेच्या डोक्यात एक अचाट प्लॅन होता. मध्य अमेरिकेत पनामासारखा दुसरा कालवा खणायचा आणि तोही अणुस्फोट करून! हे केलं तर समुद्रातल्या जीवांच्या अंगात कोणते धातू कुठे जाऊन बसतील, याचा अभ्यास मार्टिन यांच्या वाट्याला आला. कालवा काही झाला नाही. पण समुद्राच्या पाण्यात अगदी चिमूटभर असणाऱ्या धातूंचं वेड मार्टिन यांना लागलं ते कायमचं.

तिथून ते कॅलिफोर्नियात आले. मॉन्टेरीच्या उपसागराकाठी मॉस लँडिंग म्हणून मच्छीमारांचं छोटं बंदर आहे. तिथल्या सागरी प्रयोगशाळेत ते १९७२ मध्ये रुजू झाले आणि पुढे तिचे संचालक झाले. ही काही हार्वर्ड, एमआयटीसारखी मोठ्या नावाची जागा नव्हती. स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॉलेजांनी मिळून चालवलेली लहानशी लॅब. पण इथूनच पुढची सगळी खळबळ उडाली.

ती कळण्यासाठी आधी समुद्रातल्या शेतीबद्दल बघू.

समुद्राच्या वरच्या थरात, जिथवर ऊन पोहोचतं तिथवर, डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शेवाळं तरंगत असतात. काहींच्या अंगावर काचेसारखं सिलिकाचं कवच असतं, त्यांना डायटम म्हणतात. काही इतकी बारीक की केसाच्या जाडीत शंभर मावतील. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्यातलं जवळपास निम्मं ही मंडळी करतात. म्हणजे आपण घेतो त्या हवेतल्या ऑक्सिजनमध्ये झाडांइतकाच यांचा वाटा. बांगडा असो की व्हेल, सगळ्यांची भाकरी शेवटी इथूनच येते.

यांनाही खत लागतं. नत्र, स्फुरद आणि डायटमला सिलिका. जिथे खत जास्त तिथे शेवाळ जास्त, हे साधं गणित. पण समुद्रशास्त्रज्ञांना एक गोष्ट बरेच दिवस छळत होती. उत्तर पॅसिफिकमध्ये अलास्काच्या बाजूला, विषुववृत्ताजवळच्या पॅसिफिकमध्ये आणि अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नत्र आणि स्फुरद भरपूर. तरीही शेवाळ नावापुरतं. पाणी निळंशार. आणि निळंशार पाणी म्हणजे पोस्टकार्डावर छान, पण शेवाळाच्या हिशोबानं ते माळरान.

मग खत असून पीक का नाही?

बहुतेकांचं उत्तर होतं की पीक येतं, पण बारीक प्राणी ते लगेच चरून टाकतात. दुसरं एक जुनं उत्तर होतं, लोखंड. १९३० च्या दशकात नॉर्वेचे हाकोन ग्रान आणि इंग्लंडचे हार्ट यांनी तशी शंका बोलून दाखवली होती. पण ती तशीच पडून राहिली, कारण जो कोणी समुद्राच्या पाण्यातलं लोखंड मोजायचा, त्याला ते भरपूर सापडायचं.

इथेच मेख होती. लोखंड मोजायला जायचं कशानं? लोखंडी बोटीनं. पाणी काढायचं कशानं? लोखंडी तारेला बांधलेल्या बाटलीनं. डेकवर गंज, विंचवर गंज, हवेत धूळ. त्यातला एक कण जरी बाटलीत पडला की समुद्राचं खरं लोखंड त्याखाली दबून जायचं. म्हणजे इतकी वर्षं शास्त्रज्ञ मोजत होते ते बहुतेक स्वतःच्याच बोटीचा गंज.

समुद्रात लोखंड किती कमी असतं ते जालन्याच्या भाषेत सांगायचं तर असं. दुष्काळात येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर घ्या. असे एक हजार टँकर दक्षिण महासागराच्या वरच्या पाण्यानं भरले, तर त्या सगळ्यात मिळून विरघळलेलं लोखंड निघेल जेमतेम पन्नास-साठ मिलिग्रॅम. दहा एमएम सळईचा एक मिलिमीटरचा तुकडा कापला तर तोच सहाशे मिलिग्रॅम भरतो. त्याचाही दहावा हिस्सा, हजार टँकरात!

कॅल्टेकमध्ये क्लेअर पॅटरसन नावाचे शास्त्रज्ञ होते. पृथ्वीचं वय काढणारे हेच ते. शिसं मोजताना बाहेरची घाण आत येऊ नये म्हणून त्यांनी स्वच्छतेचं अक्षरशः सोवळं तयार केलं होतं. मार्टिन यांनी ते सोवळं शिकून घेतलं आणि बोटीवर नेलं. लोखंडी तारेच्या जागी केव्हलारची दोरी आली. बाटल्यांना आतून टेफ्लॉनचा लेप आला. नमुना उघडायचा तो गाळलेली हवा सोडलेल्या बंद खोलीत, प्लॅस्टिकचे हातमोजे घालून. बाटल्या आधी ॲसिडमध्ये भिजवून धुतलेल्या. मायकेल गॉर्डन, स्टीव्ह फिट्झवॉटर हे त्यांच्या टीममधले लोक या कामात मुरलेले होते. त्यांचे आकडे आले आणि लक्षात आलं की उघड्या समुद्रात लोखंड आधीच्या समजापेक्षा कितीतरी पटींनी कमी आहे. जवळजवळ नाहीच.

१९८७ च्या उन्हाळ्यात मार्टिन यांची टीम अलास्काच्या आखातात गेली. स्वच्छ बाटल्यांमध्ये तिथलंच पाणी, तिथलंच शेवाळ. काही बाटल्यांत लोखंडाचा कणभर डोस, काही तशाच ठेवलेल्या. काही दिवसांनी डोस दिलेल्या बाटल्यांत शेवाळ जोरात वाढलेलं आणि नत्र संपत आलेलं. बाकीच्या बाटल्यांत फार हालचाल नाही. मार्टिन आणि फिट्झवॉटर या दोघांच्या नावानं १९८८ मध्ये हा निष्कर्ष नेचरमध्ये छापून आला.

इथवर ठीक होतं. पण मार्टिन यांनी पुढची उडी मारली आणि विषय तापला.

अंटार्क्टिकात व्होस्टोक नावाचं रशियन ठाणं आहे. तिथे बर्फात खोल भोक पाडून १,६०,००० वर्षांचा बर्फ बाहेर काढला होता. त्या बर्फातल्या बुडबुड्यांत जुनी हवा आणि सोबत जुनी धूळ. १९८७ मध्ये ते आकडे छापले गेले. हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण २०० वर उतरलेला आणि हिमयुग संपलं की २८० पर्यंत चढलेला. मार्टिन यांनी त्याशेजारी धुळीचे आकडे ठेवून पाहिले. धूळ जास्त तेव्हा कार्बन डायऑक्साइड कमी. धूळ कमी तेव्हा कार्बन डायऑक्साइड जास्त. अगदी आरशात बघावं तसं उलटं.

त्यांनी लावलेला अर्थ असा. हिमयुगात हवा कोरडी आणि वारे जोराचे. वाळवंटातली धूळ उडून दक्षिण महासागरावर पडायची. धुळीत लोखंड. लोखंड मिळालं की शेवाळ फोफावलं, फोफावताना त्यानं हवेतला कार्बन ओढला आणि मेल्यावर तो घेऊन तळाशी गेलं. हवा आणखी थंड. याला पुढे लोह गृहीतक हे नाव पडलं आणि १९९० मध्ये मार्टिन यांनी त्यावर सविस्तर पेपर लिहिला.

पण त्याआधीच, १९८८ च्या जुलैमध्ये, वुड्स होलच्या सागरी संस्थेतल्या एका भाषणात त्यांनी हे बोलून टाकलं होतं. गडी मुळात मिश्कील. डॉक्टर स्ट्रेंजलव्ह या सिनेमातल्या वेड्या शास्त्रज्ञाचा आवाज काढून त्यांनी सांगितलं की अर्धं जहाज भरून लोखंड दिलंत तर हिमयुग आणून देतो. सगळे हसले आणि बियर प्यायला बाहेरच्या हिरवळीवर गेले. त्यामागे हिशोब मात्र होता. साधारण तीन लाख टन लोखंड दक्षिण महासागरात टाकलं तर शेवाळ दोन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड ओढून घेईल, असं त्यांनी ढोबळमानानं मांडलं होतं.

हा विनोद त्यांना महागात पडला असं म्हणता येईल. ग्लोबल वॉर्मिंगची चर्चा नुकतीच पेटली होती. पेपरवाल्यांना आयतं खाद्य मिळालं. कुणी त्यांना आयर्न मॅन म्हणायला लागलं, कुणी लोखंड पेरणारा म्हणून चिडवलं. चरणाऱ्या प्राण्यांचा सिद्धांत मानणारे शास्त्रज्ञ म्हणाले की बाटलीत जे होतं ते समुद्रात होईलच असं नाही, कारण बाटलीत मोठे चरणारे प्राणी येतच नाहीत. हा आक्षेप रास्त होता आणि मार्टिन यांच्याकडे त्याला बाटलीतून उत्तर नव्हतं. पर्यावरणवाद्यांना वेगळीच धास्ती होती. समुद्रात लोखंड टाकून धूर जिरवता येतो म्हटलं की धूर सोडणाऱ्यांना मोकळं रान.

१९९१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जलशास्त्रज्ञांच्या संघटनेनं याच प्रश्नावर खास परिषद भरवली. ठरलं असं की उघड्या समुद्रात छोटा प्रयोग करायला हरकत नाही, पण हा हवामान बदलावरचा तोडगा म्हणून कुणी विकू नये. उघड्या समुद्रात शेताचा एक तुकडा आखायचा, त्यावर खत टाकायचं आणि शेजारच्या तुकड्याशी तुलना करायची. आपल्या कृषी विद्यापीठांत जसे प्लॉट पाडतात तसंच, फक्त इथे प्लॉट वाहून जाणार.

या सगळ्याच्या मध्येच १७ ऑक्टोबर १९८९ ला लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. मॉस लँडिंगची लॅब वाळूवर उभी होती. हादऱ्यानं खालची वाळू पाण्यासारखी सैल झाली आणि इमारत कामातून गेली. संचालक म्हणून मार्टिन यांच्यापुढे एकीकडे समुद्रातला प्रयोग आणि दुसरीकडे विद्यार्थ्यांना बसवायला छप्पर, अशी दोन्ही कामं. लॅब सॅलिनासमध्ये ट्रेलरमध्ये हलवली. नवी इमारत उभी राहायला पुढे दहा वर्षांहून जास्त लागली.

प्रयोगाला परवानगी आणि पैसे मिळाले. जागा ठरली, गॅलापागोस बेटांच्या दक्षिणेचा पॅसिफिक. आणि मार्टिन यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. १८ जून १९९३ ला ते गेले. वय अवघं ५८.

चार महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, त्यांचे सहकारी बोट घेऊन निघाले. केनेथ कोल आणि केनेथ जॉन्सन हे मॉस लँडिंगचे लोक त्यात पुढे होते. ६४ चौरस किलोमीटर पाण्यावर त्यांनी साधारण ४४५ किलो लोखंड सोडलं. कशाच्या रूपात? हिराकस. ॲसिड घातलेल्या समुद्राच्या पाण्यात विरघळवून, बोटीच्या पंख्यामागे सोडत सोडत. शेवाळातलं हरितद्रव्य तिप्पट झालं. म्हणजे मार्टिन यांचं म्हणणं बाटलीबाहेरही खरं होतं. पण काही दिवसांतच तो तुकडा हलक्या पाण्याखाली सरकला आणि खेळ अर्ध्यावर थांबला. १९९४ मध्ये याचा पेपर नेचरमध्ये आला तेव्हा लेखकांच्या यादीत पहिलं नाव जॉन मार्टिन यांचंच होतं. त्यांच्या जाण्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

१९९५ मध्ये दुसरी फेरी. या वेळी एकदम न टाकता आठवडाभरात तीन हप्त्यांत डोस दिला. आणि पाणी खरोखर हिरवं झालं. हरितद्रव्य वीसपटीहून जास्त वाढलं, त्यात सगळ्यात पुढे डायटम. चरणारे प्राणी होतेच, पण डायटम वाढायचा वेग इतका की चरून संपेना. लोखंडाचा मुद्दा तिथे निकाली निघाला.

आता खरा रंजक भाग. लोखंड नसताना हे शेवाळ जगत कसं होतं? मार्टिन यांनी उपासमार दाखवली, पण उपाशीपोटी पेशीच्या आत काय जुगाड चालतो हे बघायला ते राहिले नाहीत. ते त्यांच्यानंतरच्या तीस वर्षांत हळूहळू उलगडलं.

आधी हे बघू की लोखंड लागतं कशाला. प्रकाशसंश्लेषण म्हणजे शेवटी इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचं काम. पूर आल्यावर माणसं रांगेत उभी राहून वाळूची पोती पुढे सरकवतात ना, तसं. यातल्या बऱ्याच हातांत लोखंडाचे अणू बसवलेले असतात, कारण लोखंड इलेक्ट्रॉन सहज घेतं आणि सहज सोडतं. फोटोसिस्टिम-१ नावाच्या एका यंत्रालाच लोखंडाचे १२ अणू लागतात.

मग जिथे लोखंडाची एवढी टंचाई, तिथे यंत्र लोखंडाचं बनवायचं कशाला? उत्तर इतिहासात आहे. प्रकाशसंश्लेषण सुरू झालं तेव्हा हवेत ऑक्सिजन नव्हता आणि समुद्रात विरघळलेलं लोखंड मुबलक होतं. स्वस्त माल बघून यंत्र बनलं. पुढे याच सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन सोडला, त्या ऑक्सिजननं समुद्रातलं लोखंड गंजवून तळाशी बसवलं. गोव्याच्या खाणीतलं लोखंड हे अशाच जुन्या थरांमधून आलेलं आहे. थोडक्यात, शेवाळाच्या पूर्वजांनी स्वतःच्याच पोरांच्या ताटातलं लोखंड काढून घेतलं.

तर जुगाड. रांगेत फेरेडॉक्सिन नावाचा एक हात आहे. त्यात लोखंडाचे दोन अणू. लोखंड संपत आलं की पेशी फेरेडॉक्सिन बनवणं कमी करते आणि फ्लॅव्होडॉक्सिन नावाचं दुसरं प्रथिन बनवायला घेते. काम तेच, पण लोखंड शून्य. त्याच्या पोटात ब जीवनसत्त्वाच्या कुळातला एक रेणू असतो, तोच इलेक्ट्रॉन धरतो. आकारानं मोठं आणि कामाला जरा मंद, पण टंचाईत चालतं. बुलेट घरी लावून सायकलवर जावं तसं. शास्त्रज्ञांना याचा एक भलताच उपयोग झाला. समुद्रातून शेवाळ आणून त्यात फ्लॅव्होडॉक्सिन किती आहे ते पाहिलं की कळतं, हे शेवाळ उपाशी आहे का नाही.

दुसरा जुगाड त्याहून भारी. उघड्या समुद्रात राहणारा थॅलासिओसिरा ओशेनिका नावाचा डायटम आहे. रांगेत सायटोक्रोम सी-६ हा लोखंडाचा हात असतो. हा पठ्ठ्या तिथे लोखंडाऐवजी तांब्याचा हात बसवतो, प्लास्टोसायनिन. २००६ मध्ये हे सापडलं तेव्हा सगळे चक्रावले, कारण डायटमच्या कुळात प्लास्टोसायनिन नसतंच असं मानलं जायचं. लोखंडाची भूक भागवायला याला आता तांबं लागतं.

याच डायटमचे भाऊबंद किनाऱ्याजवळ राहतात. तिथे नद्यांमुळे लोखंड मुबलक. दोघांची यंत्रं शेजारी ठेवून पाहिली तर उघड्या समुद्रातल्या भावानं फोटोसिस्टिम-१ सारखी लोखंडखाऊ यंत्रं कित्येक पटींनी कमी ठेवलेली. तरी त्याचं काम चालतं. मग किनाऱ्यावरचे असं का करत नाहीत? कारण किनाऱ्याचं पाणी गढूळ, उजेड क्षणात कमी, क्षणात जास्त. एकदम ऊन पडलं की कमी यंत्रं असलेल्या पेशीला ते झेपत नाही. उघड्या समुद्रात उजेड बऱ्यापैकी एकसारखा, म्हणून ही काटकसर तिथे परवडते. फुकट काहीच मिळत नाही.

मग येतं लोखंड पकडणं. आपल्या रक्तात ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन लोखंड वाहून नेतं. डायटमच्या पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर त्याच धर्तीचं प्रथिन सापडलं, त्याला फायटोट्रान्सफेरिन म्हणतात. त्याला लोखंड धरताना सोबत कार्बोनेटचा आधार लागतो. आता हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की तो समुद्रात विरघळतो, पाणी आम्लाकडे झुकतं आणि कार्बोनेट कमी होतो. म्हणजे धूर वाढला की शेवाळाची लोखंड पकडायची मूठच सैल होते. २०१८ मध्ये हे दाखवून दिलं गेलं आणि ते मार्टिन यांच्या गणितात कुठेही नव्हतं.

आणि साठवण. रक्ताच्या रिपोर्टमध्ये फेरिटिन नावाची ओळ असते, शरीरातला लोखंडाचा साठा दाखवणारी. सुडो-नित्झशिया जातीच्या डायटमकडे तेच फेरिटिन असतं. धुळीचं वादळ आलं, दोन दिवस लोखंड मिळालं की हे कोठार भरून ठेवतात आणि बाकीचे उपाशी मरत असताना त्यावर पेशींची आणखी काही विभाजनं उरकून घेतात. प्रयोगांमध्ये हिराकस टाकल्यावर याच कुळातले लांबट डायटम पुढे का येतात, त्याचं एक कारण इथे मिळतं.

लोखंड सोडून इतर टंचाईतही असंच. स्फुरद कमी पडलं तर काही शेवाळं पेशीच्या पडद्यातली स्फुरदाची चरबी काढून तिथे गंधकाची चरबी बसवतात. समुद्रात गंधक हवं तेवढं. आणि सगळ्यात जुना उपाय म्हणजे अंगानं लहान होणं. पेशी जितकी लहान तितकी पोटाच्या मानानं तोंडं जास्त. निळ्याशार पाण्यात बारीक शेवाळाचंच राज्य असतं ते यामुळे.

तर मग मार्टिन यांचं जहाजभर लोखंड टाकलं तर हवा थंड होईल का?

१९९३ ते २००९ या काळात जगभरात असे डझनभर प्रयोग झाले. जवळपास सगळीकडे लोखंड टाकल्यावर शेवाळ वाढलं. पण वाढलेलं शेवाळ तळाशी जातं का, हा वेगळा प्रश्न. खुद्द मार्टिन यांनीच १९८७ मध्ये दाखवलं होतं की वरून खाली पडणारा कार्बन वाटेतच खाल्ला जातो आणि खोलीगणिक झपाट्यानं घटतो. त्या आलेखाला आजही मार्टिन वक्र म्हणतात. म्हणजे त्यांच्या सगळ्यात मोठ्या स्वप्नाला आडवा येणारा आलेख त्यांनीच काढलेला.

२००४ मधल्या एका जर्मन प्रयोगात दक्षिण महासागरात वाढलेल्या डायटमपैकी निदान निम्मे हजार मीटरच्या खाली गेल्याचं दिसलं. आशा वाढल्या. मग २००९ मध्ये भारत उतरला. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसोबत प्रयोग आखला. नाव ठेवलं लोहाफेक्स, त्यातला लोहा आपलाच. गोव्याचे वाजिह नक्वी आणि जर्मनीचे व्हिक्टर स्मेटासेक हे दोघं प्रमुख. पोलारस्टर्न हे जहाज ७ जानेवारी २००९ ला केप टाउनहून सुटलं आणि इकडे गदारोळ झाला. पर्यावरण संघटनांनी आक्षेप घेतला, जर्मन सरकारनं जहाज समुद्रात असताना प्रयोग थांबवायला सांगितलं. शहानिशा झाली, महिनाअखेर परवानगी मिळाली.

सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या भोवऱ्यात हिराकसाचं पाणी सोडलं गेलं. शेवाळ वाढलं, पण डायटम नाहीत. कारण त्या पाण्यात सिलिका आधीच संपलेली. काचेचं घर बांधायला काच नसेल तर डायटम येणार कुठून? त्याऐवजी मऊ अंगाचं बारीक शेवाळ वाढलं, ते कोपेपॉड नावाच्या कोळंबीसारख्या बारीक जीवांनी फस्त केलं, आणि कोपेपॉडना त्याहून मोठ्यांनी. तळाशी फार काही गेलं नाही. चरणाऱ्या प्राण्यांचा सिद्धांत मांडणारे अगदीच चूक नव्हते, हे सोळा वर्षांनी दिसून आलं.

आज आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे समुद्रात लोखंड टाकायला फक्त संशोधनासाठीच, तेही तपासणी करून मुभा आहे. २०१२ मध्ये कॅनडाच्या किनाऱ्यापलीकडे काही जणांनी शंभर टनांहून जास्त लोहयुक्त माल परस्पर समुद्रात टाकला, तेव्हा जगभर ओरड झाली होती. हिमयुगातल्या धुळीबद्दल मात्र मार्टिन बरेचसे बरोबर निघाले. दक्षिण महासागराच्या तळाचा गाळ तपासला तर धूळ वाढली तेव्हा शेवाळ वाढल्याच्या खुणा मिळतात. कार्बन डायऑक्साइडच्या घटीत तिचा वाटा होता, सगळी घट तिची नव्हे.

आणि आपल्या अरबी समुद्राचं काय? त्याच्या आसपास वाळवंटं, धूळ भरपूर, त्यामुळे इथे लोखंड कमी पडत नसणार असं बरेच दिवस मानलं जायचं. २०१० मध्ये नक्वी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की मॉन्सूनच्या शेवटी शेवटी, ओमानच्या बाजूला खालून वर आलेल्या पाण्यात नत्र शिल्लक राहतं आणि शेवाळ अपेक्षेएवढं वाढत नाही. कारण तेच, लोखंडाची कमतरता.